साक्षीदाराचा आवाज : ‘स्मृतिचित्रे’ आणि मराठी ख्रिस्ती लेखनातील नम्रतेचा प्रश्न

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना समीक्षेने दोन सोयीच्या वाटा पाडून ठेवल्या आहेत. पहिल्या वाटेने जाणारा समीक्षक या लेखनाकडे धर्मप्रसाराचे साधन म्हणून पाहतो आणि त्याच्या वाङ्मयीन रूपाची दखल घेण्याच्या जबाबदारीतून मोकळा होतो. दुसऱ्या वाटेने जाणारा समीक्षक लेखकाचे ख्रिस्ती असणे सौजन्याने बाजूला सारतो आणि उरलेल्या ‘माणसा’चा गौरव करतो. दोन्ही वाटांवर एकच प्रश्न निसटून जातो : लेखकाची श्रद्धा त्याच्या निवेदनाची घडण कशी करते? प्रस्तुत विवेचनात हा प्रश्न एका मर्यादित अंगाने हाताळावयाचा आहे. ख्रिस्ती लेखकाच्या आवाजात आत्मविश्वास आणि नम्रता यांचा मेळ कसा बसतो, आणि तो बसतो तेव्हा संहितेत नेमके काय घडते, हे ते अंग होय.

पेच उघड आहे. आपल्याला सत्य गवसले आहे अशी ज्याची श्रद्धा आहे, त्याने ते ठामपणे सांगावे, किंबहुना सांगणे हे त्याचे कर्तव्यच ठरते. पण गर्व हे सर्व पापांचे मूळ आहे, आणि जे गवसले ते स्वकष्टाने मिळवलेले नसून कृपेने लाभलेले आहे, हेही हीच श्रद्धा सांगते. मग ठामपणे बोलणारा हा कोण? त्याचा ठामपणा सत्याचा की त्याच्या स्वतःच्या अहंकाराचा? हा पेच नवा नाही. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल स्वतःची बढाई मारतो, तसे करणे हा मूर्खपणा आहे हेही तेथेच कबूल करतो आणि शेवटी आपल्या दुर्बलतेचाच अभिमान मिरवतो. ख्रिस्ती लेखनाच्या उगमापाशीच असलेले हे अवघडलेपण पुढील प्रत्येक ख्रिस्ती लेखकाच्या वाट्याला आलेले आहे.

या पेचाची चर्चा बहुधा तराजूच्या भाषेत होते : एका पारड्यात आत्मविश्वास, दुसऱ्यात नम्रता, आणि लेखकाने काटा मध्यावर ठेवायचा. ही भाषा दिशाभूल करणारी आहे. तिच्यात हे दोन गुण परस्परविरोधी मानलेले असतात, त्यामुळे एक वाढला की दुसरा घटणारच, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्ष लेखनात याचा परिणाम असा होतो, की प्रस्तावनेत लेखक आपल्या अल्पमतीची ग्वाही देतो आणि पहिल्या प्रकरणापासून न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसतो. नम्रता प्रस्तावनेपुरती आणि आत्मविश्वास ग्रंथभर, अशी ही वाटणी असते. तिला मेळ म्हणता येत नाही. त्याऐवजी या दोन गुणांचा उगम एकाच भूमिकेत शोधता येईल काय, असा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरेल. मराठी ख्रिस्ती समाजाच्या नित्याच्या बोलीत त्या भूमिकेला एक नाव आहे : साक्ष.

‘साक्ष देणे’ हा मराठी ख्रिस्ती समाजातील रुळलेला शब्दप्रयोग आहे. उपासनेत वा सभेत उभे राहून आपल्या आयुष्यात देवाने काय केले ते सांगणे, हा त्याचा अर्थ. हुतात्म्यासाठी युरोपीय भाषांत रूढ असलेला शब्द मुळात ‘साक्षीदार’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आलेला आहे, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. साक्षीदाराची भूमिका वकिलाच्या भूमिकेहून मूलतः वेगळी असते. वकिलाला निष्कर्ष आधी ठाऊक असतो. तो पुरावा त्या दिशेने रचतो आणि त्याला गैरसोयीचे ते झाकतो. साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगायचे असते. जे पाहिले त्याविषयी त्याने डगमगायचे नसते आणि जे पाहिले नाही त्याविषयी बोलायचे नसते. म्हणजे त्याचा ठामपणा आणि त्याची मर्यादा या एकाच रेषेच्या दोन बाजू असतात. लूकच्या शुभवर्तमानाचा प्रारंभ या दृष्टीने पाहावा. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडून आलेल्या वृत्तांताचा आपण बारकाईने शोध घेतला असल्याने तो क्रमवार लिहीत आहोत, असे तेथील निवेदक सांगतो. त्याचा अधिकार त्याच्या शोधातून येतो, आणि तो शोध इतरांनी पाहिलेल्यावर अवलंबून असल्याची कबुलीही त्याच वाक्यात येते.

मराठीत या संकल्पनेला आणखी एक पदर लाभला आहे. ‘साक्षी’ हा शब्द वेदान्ताच्या परंपरेतून येताना अलिप्त द्रष्ट्याचा अर्थ घेऊन येतो : जो सर्व पाहतो पण कशात गुंतत नाही तो. न्यायालयातील साक्षीदार मात्र घटनेत कोठेतरी हजर असतो, पुष्कळदा गुंतलेलाही असतो. मराठी ख्रिस्ती लेखकाच्या कानांवर हे दोन्ही अर्थ असतात. गुंतलेल्या आयुष्याकडे त्या गुंत्यासह, तरीही काहीशा अंतरावरून पाहण्याची जी शक्यता या दुहेरी अर्थात आहे, तिचा सर्वांत समर्थ आविष्कार लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात झाला आहे, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे. ते पारखण्यापूर्वी या परंपरेतील इतर काही भूमिका पाहणे आवश्यक आहे.

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात परकीय लेखकाने दाखवलेली भाषिक नम्रता असामान्य आहे. आपला आशय सांगण्यासाठी तो स्थानिकांचे छंद, स्थानिकांचा पुराणप्रकार आणि स्थानिकांची उपमासृष्टी स्वीकारतो, आणि मराठीच्या थोरवीचे मनःपूर्वक वर्णन करतो. मराठीविषयीच्या या आत्मविश्वासाचे नाते थेट ज्ञानेश्वरांपर्यंत जाऊन पोहोचते. मात्र निवेदकाची भूमिका येथे गुरूची आहे. ऐकणारे शंका विचारतात, गुरू निरसन करतो. निरसन होणार हे आधीच ठरलेले असते. शिवाय या आत्मविश्वासामागे सत्तेचे पाठबळ होते, हे विसरता येत नाही. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले होते, देवळे पाडली गेली होती, जुन्या ग्रंथांवर बंदी आली होती. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच्या भागातच एक ब्राह्मण गुरूला विचारतो, की जुनी पुराणे वाचण्यास तुम्ही मनाई केली, तर त्यांच्या जागी दुसरे काही आम्हांस का देत नाही? ग्रंथनिर्मितीचे निमित्त म्हणून आलेला हा प्रश्न ग्रंथाच्या प्रकट हेतूपलीकडे जाणारा आहे. काहीतरी हिरावून घेतले गेल्याची नोंद त्यात आहे. गुरूच्या आवाजात न मावणारी ही साक्ष संहितेने सांभाळून ठेवली, यातच स्टीफन्सचे मोठेपण दिसते. तरीही ती गुरूची नव्हे, प्रश्नकर्त्याची आहे.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या कादंबरीत निवेदक वकिलाच्या भूमिकेत आहे. हिंदू विधवांची दुःस्थिती हा पुरावा, आणि यमुनेचा ख्रिस्ती धर्मस्वीकार व पुनर्विवाह हा निष्कर्ष. प्रवासातील प्रत्येक थांबा या निष्कर्षाकडे नेणारा टप्पा असतो. समीक्षेने तिच्या प्रचारकीपणावर ठेवलेले बोट चुकीचे नाही. पण ज्या ठिकाणी एखादी विधवा स्वतःची हकिकत सांगू लागते, त्या ठिकाणी निवेदक क्षणभर मागे सरतो आणि कादंबरी जिवंत होते. निष्कर्षाची घाई करणारा आवाज थांबला, की पाहिलेल्या वास्तवाचा आवाज ऐकू येतो. तीस वर्षांनंतरच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात हाच लेखक स्वतःच्या मनातील बदलाचे टप्पे सांगताना बराच अधिक संयत आहे. ग्रंथाचे शीर्षकही बोलके आहे. अरुणोदय म्हणजे उजाडणे, माध्यान्ह नव्हे. कादंबरीत वकिली करणारा लेखक आत्मकथनात साक्षीदाराच्या जवळ सरकतो, ही बाब वाङ्मयप्रकार आणि भूमिका यांच्या संबंधावर प्रकाश टाकणारी आहे.

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) संदर्भात प्रश्नाचे आणखी एक अंग पुढे येते. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्यात नम्रता हाच वादाचा विषय आहे. चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलेली मते विनातक्रार स्वीकारणे ही नम्रता, अशी एका बाजूची अपेक्षा. देवापुढे नम्र राहण्यासाठीच सद्सद्विवेकबुद्धी माणसांच्या स्वाधीन करता येत नाही, ही रमाबाईंची भूमिका. नवख्रिस्ती, एतद्देशीय आणि स्त्री अशा तिन्ही नात्यांनी ज्यांच्याकडून आज्ञाधारकपणाची अपेक्षा होती, त्या रमाबाईंनी नम्रता आणि आज्ञाधारकपणा यांतील भेद स्पष्ट केला. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सुबोध मराठीत केलेले भाषांतरही याच भूमिकेतून उभे राहते. भाषांतरकाराने मूळ संहितेपुढे लीन व्हायचे असते. पण त्या लीनतेपायीच प्रचलित भाषांतराविरुद्ध उभे राहण्याचे धैर्य त्याला दाखवावे लागते.

नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) अभंगांत निवेदक भक्त आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत, आणि त्यांच्या अभंगरचनेत तो पूल पावलोपावली जाणवतो. वारकरी कवितेने नम्रता आणि निर्भयता यांचा जो संयोग घडवला होता, तो टिळकांना आयता लाभला. स्वतःला सर्वांहून क्षुद्र म्हणवणारा तुकाराम शास्त्राचा अर्थ सांगण्याच्या अधिकाराबाबत मात्र तसूभर मागे हटत नाही. टिळकांच्या चरित्रातही हा संयोग दिसतो. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास स्वीकारला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही खुला असलेला ‘देवाचा दरबार’ उभारला. ख्रिस्तापुढे पूर्ण शरणागती, मिशनपुढे पूर्ण स्वातंत्र्य. कवितेच्या पातळीवर मात्र एक अडचण उरते. परंपरेने सिद्ध केलेली दैन्याची भाषा वारसाहक्काने मिळाली, की ती संकेतही बनू शकते. टिळकांच्या काही अभंगांत नम्रता अनुभवली गेली आहे की आळवली गेली आहे, याचा निर्णय करणे कठीण होते. अभंगाच्या चौकटीत ‘मी’ हीन असणारच, हे वाचकाला आधीच ठाऊक असते, आणि जे आधीच ठाऊक असते त्याचे वजन कमी भरते.

या पार्श्वभूमीवर ‘स्मृतिचित्रे’कडे वळल्यास तिचे वेगळेपण प्रथम तिच्या जन्मकथेतच आढळते. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची सुरुवात आत्मचरित्र म्हणून झाली नव्हती. देवदत्त टिळकांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते आणि त्यासाठी त्यांनी आईला आठवणी लिहून देण्यास सांगितले. लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) मुळात दुसऱ्याच्या चरित्रासाठी बोलावलेल्या साक्षीदार होत्या. त्या साक्षीतून साक्षीदाराचेच आयुष्य उभे राहिले आणि मराठीतील एक श्रेष्ठ आत्मकथन निर्माण झाले. ग्रंथनामही या उगमाशी इमान राखते. त्यात ‘चरित्र’ नाही, ‘कथा’ नाही. स्मृतीने जी चित्रे राखली तेवढीच मांडण्याचा करार आहे.

लक्ष्मीबाईंच्या लेखनाविषयी बोलताना ‘साधेपणा’, ‘भाबडेपणा’, ‘सहजपणा’ ही विशेषणे समीक्षेत वर्षानुवर्षे फिरत आली आहेत. ती प्रेमाने वापरलेली आहेत, तथापि त्यांचा परिणाम घातक आहे. ज्या लेखिकेला शाळेचे शिक्षण मिळाले नाही तिने नकळत चांगले लिहिले, असा त्यांचा गर्भितार्थ होतो आणि निवेदनाची भूमिका ही निवड होती, ही शक्यताच पुसली जाते. या समजाविरुद्ध एकच पुरावा पुरेसा आहे. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. सुरुवातीचे सुमारे दहा अध्याय टिळकांचे, आणि पुढील साठांहून अधिक लक्ष्मीबाईंचे. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दीर्घ पद्यग्रंथाची भाषा घरगुती नाही. भारदस्त पद्याची भाषा ज्या लेखिकेच्या हाताशी होती, तिने स्वतःविषयी लिहिताना ती बाजूला ठेवली. गद्यातील साधेपणा हा असमर्थतेचा परिणाम नसून साक्षीच्या शिस्तीचा भाग आहे.

ही शिस्त तीन ठिकाणी विशेष तपासता येते. पहिले ठिकाण म्हणजे धर्मांतरापूर्वीच्या जगाचे चित्रण. धर्मांतरित लेखकाला हे जग अंधाराच्या रूपात रंगवण्याचा मोह असतो, कारण मागे जितका काळोख तितका पुढचा प्रकाश उजळ. लक्ष्मीबाईंच्या हाती तर सोवळ्याओवळ्याच्या वेडाने घर वेठीस धरणाऱ्या वडिलांचे आयते उदाहरण होते. परंतु या वेडाची कथा त्या १८५७ च्या धामधुमीत आजोबांना झालेल्या फाशीपासून सुरू करतात. त्या धक्क्याने वडिलांचे मन बिघडले, आणि त्यांची भीती सोवळ्याच्या रूपाने घरावर पसरली. धर्मविधीवरील टीकेसाठी वापरता आला असता असा प्रसंग एका भेदरलेल्या माणसाच्या शोकांतिकेत रूपांतरित होतो. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याला त्या माणसाची कीव येते. ब्राह्मणी आचारधर्माविषयी यात सौम्यपणा दाखवलेला नाही. घरातील स्त्रियांना काय सोसावे लागले ते सर्व नोंदवलेले आहे. मात्र निष्कर्ष काढण्याचे काम वाचकावर सोपवलेले आहे.

दुसरे ठिकाण म्हणजे टिळकांचे चित्र. १९३४ पर्यंत टिळक हे मराठी ख्रिस्ती समाजाचे जवळजवळ संत झाले होते आणि मराठी कवितेतही त्यांचे स्थान निश्चित झाले होते. त्यांच्या विधवा पत्नीने लिहिलेल्या आठवणींत स्तोत्राची अपेक्षा होणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात तेथे भेटतो तो तापट, उदार, विसरभोळा, न सांगता घराबाहेर पडणारा, हाती आलेला पैसा भलत्याच कामी घालवणारा नवरा. विशेष असे, की या दोषांच्या नोंदीमुळे टिळकांचे मोठेपण उणावत नाही, उलट विश्वसनीय होते. ज्या साक्षीदाराने पतीचा राग लपवला नाही, त्याने सांगितलेल्या पतीच्या करुणेवर वाचक विश्वास ठेवतो. आणि हाच नियम निवेदिका स्वतःलाही लावते. स्वतःचा हट्ट, स्वतःची भांडणे, स्वतःची फजिती हे सर्व त्याच स्वरात येते. येथे नम्रता म्हणून आत्मनिंदेचा अभंग गायिलेला नाही. आत्मनिंदेतही ‘मी’ केंद्रस्थानी राहतो, फक्त उलटा. लक्ष्मीबाईंच्या विनोदात ‘मी’ इतर पात्रांच्या ओळीत येऊन बसतो आणि त्यांच्याइतकाच हास्यास्पद व त्यांच्याइतकाच आदरणीय ठरतो. नम्रतेची ही वाङ्मयीन व्याख्या संतकवितेच्या दैन्यभावाहून भिन्न आहे आणि तिची स्वतंत्र नोंद झाली पाहिजे.

तिसरे आणि निर्णायक ठिकाण म्हणजे धर्मांतर. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांचे वर्णन हा या ग्रंथाचा गाभा आहे. पतीच्या धर्मांतराने झालेला आघात, वियोग, नातलगांमधील कोंडी, पुन्हा एकत्र आल्यावर एकाच घरात पाळलेला वेगळा स्वयंपाक आणि वेगळे पाणी, हे सर्व तपशिलाने येते. त्यानंतर जातिभेद माणसाने निर्माण केलेला आहे, देवाने नव्हे, हा विचार त्यांना सुचतो, आणि कोणाच्याही हातचे खाण्याचा निर्णय होतो. हा निर्णय एखाद्या पाद्र्याच्या युक्तिवादाने वा टिळकांच्या उपदेशाने झालेला दाखवलेला नाही. तो त्यांच्या स्वतःच्या विचारातून आलेला आहे. वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाचे असे, की या शिखरप्रसंगी निवेदनाची पातळी उंचावत नाही. धर्मशास्त्रातील जड संज्ञा येत नाहीत आणि वाचकाला आवाहनही होत नाही. पाण्याचा हंडा आणि जेवणाचे ताट यांच्या भाषेतच आयुष्यातील सर्वांत मोठा बदल सांगितला जातो. जे घडले त्याविषयी निवेदिकेला तिळमात्र शंका नाही. पण जे स्वतःच्या बाबतीत घडले ते इतरांच्या बाबतीत कसे घडावे, हे सांगण्याचा अधिकार ती घेत नाही. पाच वर्षांचा विरोध जसाच्या तसा नोंदवणे हीच येथील नम्रता, आणि त्या विरोधानंतर आलेला निर्णय कोणत्याही समर्थनावाचून उभा करणे हाच आत्मविश्वास. दोन्ही एकाच परिच्छेदात, एकाच वाक्यरचनेत नांदतात. कोणत्याही पारड्यात काही टाकावे लागत नाही.

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. साक्षीदाराची भूमिका हीदेखील एक युक्तीच नव्हे काय? वकिली न करता केलेली वकिली अधिक परिणामकारक ठरते, आणि वाचकाचा विश्वास संपादन करून श्रद्धेचा आशय त्याच्या मनात उतरवला जातो, असे कोणी म्हणू शकेल. आक्षेपात तथ्य आहे. कोणतीही निवेदनभूमिका निर्हेतुक नसते. परंतु युक्तीची कसोटी ही, की ती हेतूला बाधक असे काही संहितेत राहू देत नाही. ‘स्मृतिचित्रे’त तसे पुष्कळ आहे. मिशनमधील माणसांचे लहानमोठे स्वभावदोष, ख्रिस्ती समाजातील वादावादी आणि धर्मांतरानेही न सुटलेली दारिद्र्याची व संसाराची रडकथा त्यात आहे. प्रचाराच्या हिशेबात हे सर्व नुकसानीच्या बाजूला पडते. साक्षीदार मात्र ते वगळू शकत नाही, कारण त्याने ते पाहिलेले आहे.

याहून गंभीर मर्यादा दुसरी आहे, आणि साक्ष या संकल्पनेच्या आधारेच ती दाखवता येते. साक्षीदार जेथे उभा असतो तेथूनच पाहतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर आणि आसपासच्या परिसरात ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग समाजांतील माणसे बहुसंख्य होती. ‘स्मृतिचित्रे’त ती माणसे येतात, जिव्हाळ्याने येतात. परंतु त्यांच्या हातचे पाणी पिणे ही निवेदिकेच्या आयुष्यातील घटना आहे. ते पाणी देणाऱ्याच्या मनात त्या क्षणी काय होते, हे या साक्षीच्या कक्षेबाहेर राहते. येथे नम्रतेच्या प्रश्नाला वेगळेच वळण लागते. सोडून देण्यासारखे काही ज्याच्यापाशी असते, त्याच्यासाठी नम्रता हा सद्गुण ठरतो. लक्ष्मीबाईंपाशी जन्माने मिळालेले श्रेष्ठत्व होते आणि त्यांनी ते सोडले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाकून जोहार करावयास लावले गेले, त्यांच्यावर नम्रता लादलेली होती. त्यांच्या बाबतीत बाप्तिस्म्याचे पहिले देणे ताठ मानेने उभे राहणे, हेच असू शकत होते. त्यांच्या लेखनात आत्मविश्वासाचा स्वर चढा लागला, तर त्याला ‘स्मृतिचित्रे’च्या मोजपट्टीने उद्धट ठरवणे अन्यायाचे होईल. ब्राह्मण ख्रिस्ती लेखकांच्या लेखनावरून संपूर्ण मराठी ख्रिस्ती साहित्याचे सौंदर्यशास्त्र रचण्याची जी सवय समीक्षेला जडली आहे, तिचा पुनर्विचार येथूनच सुरू व्हावयास हवा.

लादलेल्या नम्रतेचा प्रश्न केवळ एकोणिसाव्या शतकाचा नाही. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे अनेक वर्षे संपादक राहिलेले आणि ‘सुबोध बायबल’चे कर्ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत या कारणावरून काही गटांनी विरोध केला. ‘ख्रिस्तपुराणा’पासून चारशे वर्षांचा वारसा सांगणाऱ्या परंपरेतील लेखकाला आपले मराठीपण सिद्ध करण्याची जबाबदारी स्वीकारावी लागावी, यात मराठी वाङ्मयीन संस्कृतीच्या स्मरणशक्तीचीही परीक्षा होती. अल्पसंख्य समाजातील लेखकाकडून बहुसंख्य समाज जेव्हा नम्रतेची मागणी करतो, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ बहुधा ‘गप्प राहणे’ असा असतो. अशा परिस्थितीत लेखकापुढे दोन सापळे असतात : मागणी मान्य करून आपली श्रद्धा आडपडद्यात ठेवणे, किंवा मागणीच्या रागाने वकिली पवित्रा घेणे. २०२४ मध्ये दिवंगत झालेल्या दिब्रिटो यांच्या लेखनातील उत्तम भाग हे दोन्ही सापळे टाळतो, याचे कारण तो वसईच्या मातीविषयी, पाण्याविषयी आणि माणसांविषयी पाहिलेले सांगतो, आणि ज्या श्रद्धेने ते पाहिले तीही लपवत नाही.

या विवेचनातून समीक्षेसाठी एक कसोटी हाती लागते. ख्रिस्ती लेखक किती ठाम आहे वा किती लीन आहे, हे स्वतंत्रपणे मोजून फारसे काही साधत नाही. तो कोणत्या जागेवरून बोलतो, पाहिलेले आणि मानलेले यांतील सीमारेषा संहितेत शाबूत ठेवतो काय, आणि स्वतःच्या बाजूला गैरसोयीचे ठरणारे सत्य नोंदवतो काय, हे प्रश्न विचारावे लागतात. गुरू, वकील आणि भक्त या भूमिकांतूनही श्रेष्ठ लेखन झालेले आहे. पण त्या लेखनाचे सर्वांत टिकाऊ भाग जेथे ते साक्षीकडे झुकते तेथेच आढळतात, हे ‘ख्रिस्तपुराण’ आणि ‘यमुनापर्यटन’ या दोन्ही उदाहरणांवरून दिसून आले. ही कसोटी केवळ ख्रिस्ती लेखनापुरती नाही. कोणत्याही ठाम विचारसरणीतून लिहिणाऱ्या लेखकाला, मग ती विचारसरणी धार्मिक असो की राजकीय, ती लागू करता येईल.

मात्र कसोटी सिद्ध झाली म्हणजे काम संपले, असे नव्हे. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ची जुनी पाने, मंडळ्यांची वृत्ते, साक्षसभांतील कथने, भजने आणि गीते यांकडे आजवर इतिहासाची साधने म्हणून पाहिले गेले, निवेदनाच्या अंगाने त्यांचे वाचन व्हावयाचे आहे. ‘स्मृतिचित्रे’त पाण्याचा तांब्या पुढे करणाऱ्या हातांनी, किंवा त्यांच्या मुलानातवंडांनी, स्वतःविषयी काय सांगितले आणि कोणत्या स्वरात सांगितले, हे त्या वाचनाशिवाय कळणार नाही. लक्ष्मीबाईंनी आपल्या साक्षीची हद्द प्रामाणिकपणे आखून ठेवली आहे. त्या हद्दीपलीकडील साक्षी मिळवणे हे आता संशोधकांचे काम आहे.